समदर्शी कुठंही चालेल

६ ऑक्टोबर, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. थोडक्यात आणि खरं.

गंगापूरकडच्या साखर कारखान्याचं काम आपल्याला मिळालं. ऊस घेऊन आलेल्या गाडीला गेटवर नंबर द्यायचा, भोंग्यावर नंबर पुकारला की गाडी वजनकाट्यावर घ्यायची, पावती काढायची. सगळं आपल्या सॉफ्टवेअरवर. हंगाम १ नोव्हेंबरला सुरू.

याह्याभाईंनी केबिनमध्ये बोलावलं. कंपनी त्यांची, उस्मानपुऱ्यातली. डोकं माझं. म्हणाले, सरिता मॅडम, ये सीझन बिना झगडे के निकल गया तो नव्या वर्षात तुम्ही टेक्निकल डायरेक्टर. मी म्हटलं, निघेल. त्यांनी चहा मागवला. मी घेतला नाही. डायरेक्टर झाल्यावर घेईन.

७ ऑक्टोबर
मीटिंग. तत्त्व सांगितलं: सॉफ्टवेअर कुठल्याही सर्व्हरवर, कुठल्याही डेटाबेसवर चाललं पाहिजे. डेटाबेस म्हणजे माहितीचं कोठार. आज हे कोठार, उद्या ते. कोठाराच्या भिंतीला आपली वस्तू चिकटवून ठेवायची नाही.

आमरीन डेटाबेस सांभाळते. वय अठ्ठावीस, आत्मविश्वास पन्नाशीचा. म्हणाली, मॅडम, नंबर द्यायचं काम डेटाबेसलाच करू द्या ना, त्याच्यात तशी सोय आहे, एक ओळ लिहिली की झालं. मी विचारलं, ती ओळ दुसऱ्या कंपनीच्या डेटाबेसवर जशीच्या तशी चालेल? म्हणाली, थोडी बदलावी लागेल. मी म्हटलं, विषय संपला. म्हणाली, पण कारखाना डेटाबेस बदलणारच नाहीये. मी म्हटलं, उद्या बदलला तर? तिनं उलट मलाच विचारलं, आजवर आपल्या किती गिऱ्हाइकांनी बदलला?

एकानंही नाही. म्हणजे धोका साठत चाललाय.

इंद्रजीत खाली मान घालून हसला. प्रोग्रॅमर बरा आहे, मान वाईट आहे. लक्षात ठेवलं.

९ ऑक्टोबर
या पोरांना माहीत नाही मी काय पाहिलंय. पहिली नोकरी चिकलठाण्याला. कपाटाएवढं एक मशीन, सगळे प्रोग्रॅम फक्त त्याच्यासाठी लिहिलेले. मशीन बनवणारी कंपनी बुडाली. आमचं काही वर्षांचं काम कपाटासकट भंगारात गेलं. भंगारवाला टेम्पोत चढवताना म्हणाला, ताई, ह्याच्यात तांबं किती आहे? त्या दिवसापासून मी कशाला चिकटत नाही.

घरीसुद्धा. या घरात आम्ही सत्तावीस वर्षं राहतोय, भिंतीत एक खिळा नाही. पडदे सुतळीवर, सुतळी खिडकीच्या गजाला. पंखे टेबलावरचे. उद्या घर बदलायचं झालं तर तासाभरात निघू. माझा नवरा राजेंद्र दरवर्षी कॅलेंडरसाठी एक खिळा मागतो. (बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्याला मागायला वेळ आहे.) कॅलेंडर फ्रिजवर पोह्यांच्या डब्याला टेकवलेलं आहे आणि व्यवस्थित दिसतं. डबा उचलला की पडतं. डबा उचलू नये.

१४ ऑक्टोबर
समदर्शी लिहून पूर्ण. एकटीनं लिहिला.

समदर्शी प्रोग्रॅम आणि डेटाबेस यांच्या मध्ये बसतो. सगळे डेटाबेस त्याला सारखे. डेटाबेसनं दोनच कामं करायची: ठेव म्हटलं की ठेवायचं, दे म्हटलं की द्यायचं. शहाणपणा समदर्शी करेल. नवा नंबर हवा असेल तर तो आधीच्या सगळ्या पावत्या मागवतो, पहिलीपासून वाचतो, सगळ्यात मोठा नंबर शोधतो आणि त्यात एक मिळवतो. शाळेतल्या पोराला कळेल.

आमरीनला कळलं नाही. म्हणाली, मॅडम, रोज हजारभर गाड्या येणार, प्रत्येक वेळी सगळ्या वाचणार का? मी म्हटलं, कॉम्प्युटरला कंटाळा येत नाही, तुला येतो.

इंद्रजीत म्हणाला, आणि दोन गेटवर एकाच वेळी दोन गाड्या आल्या तर? दोघांना एकच मोठा नंबर सापडेल. मी म्हटलं, अगदी एकाच क्षणी कधी काही घडत नसतं. त्यानं आमरीनकडे बघितलं. तिनं छताकडे.

१६ ऑक्टोबर
चाचणी. दहा पावत्या घेऊन समदर्शी चार वेगवेगळ्या डेटाबेसवर चालवला. चारही ठिकाणी उत्तर तेच, आणि क्षणात. याह्याभाईंना दाखवलं. म्हणाले, चारों पे? मी म्हटलं, चारांवर. म्हणाले, लेकिन कारखाने में तो एकच है ना? मालकांना सगळं समजावत बसू नये.

नावाची पाटी करायला टाकली. माझं नाव, खाली टेक्निकल डायरेक्टर. टेबलावर ठेवायची, स्टँडची. दाराला स्क्रूनं ठोकलेल्या पाट्या मला आवडत नाहीत.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
राजेंद्रनं नव्या वर्षाचं कॅलेंडर आत्ताच आणलं. खिळ्याचा विषय काढला. मिटवला.

२८ ऑक्टोबर
जिन्यात आमरीन फोनवर. मला बघितलं नाही. तिच्या आईशी असावं. क्या बोलूं अम्मी, मॅडम सुनतेच नै. दीवार से बोलो, दीवार सुन लेती. मी तशीच वर निघून गेले. भिंत स्थिर असते. चांगलं आहे.

१ नोव्हेंबर, शनिवार
हंगाम सुरू. गव्हाणीत उसाची मोळी टाकली, भाषणं झाली. मग सगळे गेटवरच्या खोलीत आले. सर्जेराव म्हणून तिथले शेतकी अधिकारी आहेत. त्यांनी मॉनिटरला हळदकुंकू लावलं. मी पुसलं. त्यांनी परत लावलं. म्हणाले, असू द्या, मॅडम, वर्साचं काम हाय. नारळ मात्र मी बाहेर फोडायला लावला.

पहिला नंबर क्षणात निघाला. टाळ्या. सर्जेराव म्हणाले, लई भारी, बोट लावलं की नंबर. मी सांगितलं, उद्या तुम्ही हे उचलून कुठंही नेलं तरी असंच चालेल. म्हणाले, आम्ही कशाला कुठं नेतो? मी म्हटलं, कळेल.

आमरीन आणि इंद्रजीत मागे उभे राहून पेढे खात होते. टाळ्या वाजवल्या नाहीत. हातात पेढा होता म्हणे.

५ नोव्हेंबर
सर्जेरावांचा फोन. नंबर जरा सावकाश निघतोय, मॅडम. बटण दाबलं की ऑपरेटरची तंबाखू मळून होती. मी म्हटलं, तंबाखू वाईट. बंद करायला सांगा.

१० नोव्हेंबर
सर्जेराव. आता चहा पिऊन होतो म्हणाले.

आमरीननं न विचारता सांगितलं, पावत्या रोज वाढतायत, म्हणून नंबर रोज हळू होतोय. मी म्हटलं, म्हणजे कारखाना चांगला चाललाय. खरं कारण धूळ. चिपाडाचा बारीक भुसा सर्व्हरच्या पंख्यात जातो. सर्व्हर पुसून घ्यायचं पत्र पाठवलं.

१३ नोव्हेंबर
पुसला म्हणे. आता ऑपरेटर जेवून येतो.

१५ नोव्हेंबर, शनिवार
दोन गेट, दोन ट्रॅक्टर, दोघांना एकच नंबर. भोंग्यावर पुकारला तसे दोघं निघाले आणि काट्याच्या तोंडाशी ट्रॉल्या एकमेकींत अडकल्या. दुपारपर्यंत काटा बंद.

सर्जेरावांचा फोन. मॅडम, नंबर एक, ट्रॅक्टर दोन, आन् दोघांच्या बी हातात तुमचीच चिठ्ठी. कुणाला मागं घेऊ? मी म्हटलं, साधी गोष्ट आहे, जो आधी आला त्याला पुढे घ्या. म्हणाले, कोण आधी आला ते सांगायलाच तर नंबर घेतलाय ना, मॅडम?

उद्धट माणूस. फोन ठेवला.

इंद्रजीतनं महिन्यापूर्वी नेमकं हेच बोलून दाखवलं होतं. म्हणजे त्याच्या मनात होतं. लेखी खुलासा मागितला.

१७ नोव्हेंबर
उपाय काढला. दोन्ही गेटवर एकेक लाल फडकं द्यायचं. बटण दाबायच्या आधी फडकं वर करायचं. समोरच्या गेटवर फडकं वर दिसलं तर आपण थांबायचं. नंबर निघाला की फडकं खाली. आमरीननं विचारलं, मॅडम, फडकं? मी म्हटलं, हो. फडकं कुठल्याही डेटाबेसवर चालतं.

इंद्रजीतचा खुलासा आला. वर शीर्षक: दोन शब्द. खाली: मीच म्हणालो होतो. हे तीन झाले. एवढंही मोजता येत नाही त्यांना आणि मला शिकवतात.

१८ नोव्हेंबर
स्वतः कारखान्यावर गेले. गाड्यांची रांग गेटपासून थेट डांबरी रस्त्यापर्यंत. ड्रायव्हर ट्रॉलीखाली चटई टाकून झोपलेले. फडकी व्यवस्थित वरखाली होत होती.

रांगेत एक आवडाबाई म्हणून बाई ट्रॉलीच्या सावलीत बसल्या होत्या. ऊस त्यांचा स्वतःचा. विचारलं, बाई, कॉम्प्युटरवाल्या तुम्हीच का? मी हो म्हटलं. म्हणाल्या, माझा ऊस परवाधरनं उभाय. उन्हानं वाळतोय, वाळला की वजन घटतं. तुमच्या मशीनीला सांगा की जरा. मी त्यांना नीट समजावून सांगितलं, की हे सॉफ्टवेअर घाईसाठी नाही, टिकण्यासाठी आहे, उद्या सगळं बदललं तरी हे राहील. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, तुमचा ऊस हाय का कुठं? मी म्हटलं, नाही. म्हणाल्या, मंग बरंय.

सर्जेराव गाडीपर्यंत सोडायला आले. दार लावता लावता म्हणाले, मॅडम, कुठंबी चालतं म्हणता, मग इथं का चालंना? ड्रायव्हरला निघ म्हटलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार
विजय. आज सकाळपासून नंबर क्षणात निघतायत. दोन्ही गेटवर, एकाच वेळी, न चुकता. रांग दुपारीच संपली. सर्जेरावांचा स्वतःहून फोन, लई झ्याक झालं, मॅडम. याह्याभाईंना कळवलं: समदर्शीला सुरुवातीला जम बसायला वेळ लागतो, आता बसला. ते खूश. म्हणाले, तुमची पाटी आली का? आली आहे. ड्रॉवरमध्ये ठेवली आहे.

सायंकाळी साडेपाच. कळलं. रविवारी आमरीन आणि इंद्रजीत मला न विचारता कारखान्यावर गेले होते. नंबरचं काम समदर्शीकडून काढून डेटाबेसला दिलं. तीच एक ओळ. फक्त त्याच एका डेटाबेसवर चालणारी.

दोघांना समोर उभं केलं. आमरीन म्हणाली, मॅडम, लोकांचा ऊस वाळत होता. मी विचारलं, परवानगी कोणाची? इंद्रजीत म्हणाला, मॅडम, चालतंय ना पण. चालतंय. हेच यांचं सगळं शिक्षण. आज चालतंय. चिकलठाण्याचं कपाटही चालत होतं.

समदर्शी पूर्ववत केला. फडकी पुन्हा सुरू करायला सांगितली.

२५ नोव्हेंबर
सर्जेरावांचे चार फोन. घेतले नाहीत. शिस्त लागायला वेळ लागतो.

२७ नोव्हेंबर
आमरीनचा राजीनामा. कारण: वैयक्तिक. इंद्रजीतचाही. कारण तेच. आजकाल सगळ्यांचं सगळं वैयक्तिक. महिनाभराची नोटीस द्यायला तयार होते. मी म्हटलं, गरज नाही, आजच निघा. दोघांनी एकदम थँक्यू म्हटलं. एकाच क्षणी.

ऑफिस शांत. काम करता येईल.

१ डिसेंबर
संकल्प: सर्जेरावांशी संयमानं बोलायचं. ते शेतकी माणूस आहेत.

२ डिसेंबर
बोलले. संयम त्यांनी मोडला.

८ डिसेंबर
आजचा दिवस लक्षात ठेवण्यासारखा. सर्जेरावांचा फोन, आवाज एकदम गोड. म्हणाले, मॅडम, तुम्ही म्हणत व्हता ना, हे उचलून कुठंबी नेता येतं. समजा न्यायचं म्हटलं. दुसरा सर्व्हर, दुसरा डेटाबेस. जमंल का?

दोन महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी बरोबर प्रश्न विचारला. मी तो आधी वहीत उतरवून घेतला, तोवर ते हॅलो हॅलो म्हणत होते. मी म्हटलं, एका दुपारीत. म्हणाले, लिहून द्याल? मी लिहून दिलं.

आमरीन इथं असायला हवी होती.

१२ डिसेंबर, शुक्रवार
दुपारी अडीचला सुरू, पाचच्या आत पूर्ण. सगळ्या पावत्या, सगळे प्रोग्रॅम, एकही ओळ न बदलता नव्या जागी चालू. सोबत प्रत्येक गोष्ट समजावणारं टिपण दिलं, म्हणजे नव्या माणसाला आपल्याला विचारायची गरजच पडू नये. आयुष्यात इतकं स्वच्छ काम पाहिलेलं नाही.

नवा सर्व्हर उस्मानपुऱ्यातच आहे, आपल्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. योगायोग. पलीकडून फोनवर ताबा घेणारी बाई म्हणाली, आलं, मॅडम, सगळं व्यवस्थित आलं, थँक्यू. आवाज आमरीनसारखा होता. आमरीनच होती. तिकडे नोकरी लागली असावी. मी तिला म्हटलं, बघितलंस? म्हणाली, हो मॅडम, या बाबतीत तुम्ही बरोबर होता. खरं सांगते, लई सोपं गेलं. मागून इंद्रजीतचा हसण्याचा आवाज आला. मान खाली घालूनच हसत असणार.

सहा वाजता याह्याभाईंना जाऊन सांगितलं, समदर्शी सिद्ध झाला, कारखाना एका दुपारीत हलवला. त्यांनी चष्मा काढला. विचारलं, किधर हलवला? मी पत्ता सांगितला. त्यांनी चष्मा परत घातला. मग म्हणाले, मॅडम, तुम्ही खुद दिलं? अपने हात से? मी म्हटलं, टिपणासकट.

१३ डिसेंबर
याह्याभाईंनी सविस्तर सांगितलं. आमरीन आणि इंद्रजीत यांनी स्वतःची कंपनी काढली आहे. कारखाना पंधरा दिवसांपासून आपल्याला सोडून त्यांच्याकडे जायच्या विचारात होता. याह्याभाई निवांत होते. त्यांचा हिशेब असा, की कुठल्याही कंपनीचं सॉफ्टवेअर सोडायचं म्हणजे सहा महिन्यांचा घोळ, तोपर्यंत हंगाम संपतो, राग जातो, माणूस जागेवरच राहतो. म्हणाले, सब ऐसाच करते मॅडम, गिऱ्हाईक जा नै सकता, इसलिए रहता. हमारे यहाँ तो बंद करने को दरवाजाच नै था.

हे तत्त्वाच्या विरुद्ध आहे. त्यांना तसं सांगितलं.

१९ डिसेंबर
समदर्शी नव्या जागी कसा चाललाय हे विचारायला सर्जेरावांना फोन केला. काळजी वाटते. म्हणाले, तो? तो तर काढला ना, मॅडम, पहिल्याच दिवशी. आता बटण दाबलं की नंबर. ऑपरेटरला तंबाखू मळायला टाइम नाय. मी विचारलं, आणि उद्या डेटाबेस बदलायचा झाला तर? म्हणाले, बदलला की. परवाच. आता हाय तिथं ऱ्हाऊ द्या.

फडक्यांचं विचारलं. म्हणाले, हायत, हायत. मॉनिटर पुसायला.

आवडाबाईंच्या उसाचं काय झालं ते विचारायचं राहिलं. त्यांचा नंबर लागला असेल.

२९ डिसेंबर
याह्याभाईंनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, मॅडम, नव्या वर्षापासून तुम्ही सल्लागार. ऑफिसला यायची तकलीफ नको, घरूनच काम करा. आपका काम तो कहीं से भी चलता. लागलं तर आम्ही फोन करू.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तत्त्व मान्य केलं. डायरेक्टरपदाचा विषय निघाला नाही, मीही काढला नाही. सल्लागार कुठल्याही एका खुर्चीला बांधलेला नसतो. चहा मागवतील असं वाटलं होतं. या वेळी मी घेणार होते.

टेबल आवरायला दहा मिनिटं पुरली. पाटी स्टँडची असल्यानं पिशवीत सहज मावली. स्क्रू काढत बसावं लागलं नाही.

१ जानेवारी, गुरुवार
घरून कामाचा पहिला दिवस. पाटी जेवणाच्या टेबलावर ठेवली. राजेंद्रनं नाश्त्याच्या वेळी उचलून फ्रिजवर ठेवली. जेवणाच्या वेळी मी परत आणली. त्यानं परत फ्रिजवर ठेवली. तिथं आता जागा आहे, कारण सकाळी त्यानं भिंतीत खिळा ठोकून नवं कॅलेंडर लावलं. मी घरातच होते. आवाज ऐकला. बाहेर आले तोवर ठोकून झाला होता. हातोडी कुणाकडून आणली विचारलं. म्हणाला, आपलीच आहे, सत्तावीस वर्षांपासून.

कॅलेंडर हललं नाही. पोह्यांचा डबा दोनदा उचलून बघितला.

सायंकाळी सात. दिवसभर फोन वाजला नाही. म्हणजे सगळीकडे सगळं नीट चाललंय.